अंग धरण्याचा काळ

आजारातून उठलेल्या माणसाविषयी 'ताप उतरला, पण अजून अंग धरलेले नाही' असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. आणि आधुनिक वैद्यकाने ज्या अवस्थेची दखल बऱ्याच उशिरा घेतली, ती अवस्था घरच्या बायामाणसांनी इतक्या थोड्या शब्दांत ओळखून ठेवली होती, याचे नवल वाटते. ताप उतरणे निराळे आणि अंग धरणे निराळे; पहिले काही दिवसांत घडते, दुसऱ्याला महिने लागतात, आणि कधी कधी ते पुरते घडतच नाही. २०२० व २०२१ या वर्षांत पनवेलचे उपजिल्हा रुग्णालय कोविडच्या रुग्णांसाठी राखून ठेवण्यात आले, कामोठ्याच्या एम.जी.एम. रुग्णालयातील कक्ष त्याच रुग्णांनी भरले, आणि तेथून प्राणवायूच्या नळीतून सुटून घरी परतलेली माणसे वडाळे तळ्याच्या काठची जी फेरी पूर्वी बोलता बोलता पुरी करीत, ती अर्ध्यावर सोडून कठड्याला टेकू लागली, तेव्हा या दोन गोष्टींतील अंतर पुष्कळ घरांना प्रथमच दिसले.

अशा माणसाला काय, किती आणि केव्हा खाऊ घालावे, हा या लेखाचा प्रश्न. घरातील वडीलधारी माणसे मऊ भात आणि मुगाचे कढण सांगतात, शेजारी पायाच्या सुपाचा आग्रह धरतात, औषधाच्या दुकानातील मनुष्य प्रथिनांच्या पुडीचा डबा पुढे सरकवतो, आणि डॉक्टर गर्दीच्या वेळी 'पौष्टिक आहार' एवढे दोन शब्द लिहून पुढच्या रुग्णाकडे वळतात. या चौघांपैकी कोणीही अगदी चुकीचे बोलत नाही, आणि तरीही चौघांचे मिळून उत्तर पुरे होत नाही. कारण पदार्थ कोणता यापेक्षा तो आजाराच्या कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या श्रमाच्या जोडीने द्यावा, या क्रमाचा विचार त्यांच्यापैकी एकाच्याही सल्ल्यात नसतो. गेल्या पंधरा वर्षांतील संशोधनाचा निष्कर्ष एका शब्दात सांगावयाचा, तर तो शब्द 'क्रम' हाच आहे.

प्रथम स्नायूचे काय होते ते पाहू. काही विषाणू स्नायूवर प्रत्यक्ष आघात करतात. इन्फ्लुएन्झाच्या साथीत लहान मुलांच्या पोटऱ्या दुखून त्यांचे चालणे चार-दोन दिवस बंद पडते, डेंगूला हाडमोडी ताप हे नाव अंगदुखीवरूनच मिळाले, आणि पोलिओचा विषाणू स्नायूला हात न लावता त्याचा मज्जातंतू मारून त्याला पंगू करतो. परंतु गंभीर आजारात स्नायूचा जो क्षय होतो, तो बहुतांशी विषाणूच्या दंशाने होत नाही, तर देहाच्या स्वतःच्या बंदोबस्ताने होतो. स्नायू हे हालचालीचे साधन आहेत तसेच ते अमिनो आम्लांचे कोठारही आहेत. आणि संकटकाळी यकृताला व रोगप्रतिकारक पेशींना जी सामग्री लागते, ती याच कोठारातून उचलली जाते. त्यात अंथरुणावरील निश्चलता, दाहामुळे मंदावलेली भूक, आणि श्वसनाचा त्रास आटोक्यात आणण्यासाठी दिलेली स्टेरॉइडे यांची भर पडते. २०२० च्या जून महिन्यात इंग्लंडमधील 'रिकव्हरी' चाचणीने सिद्ध केले, की डेक्सामेथासोन रोज ६ मिलिग्रॅम या मानाने दिल्यास प्राणवायूवर असलेल्या कोविड-रुग्णांचे मृत्यू घटतात, आणि तो उपचार प्राणरक्षकच ठरला. तथापि स्टेरॉइडांमुळे स्नायू झिजतात आणि रक्तशर्करा चढते, ही त्याची किंमत रुग्णाला पुढे मोजावी लागली.

ही झीज किती वेगाने होते, याचे माप २०१३ मध्ये लंडनच्या संशोधकांनी घेतले. अतिदक्षता विभागातील रुग्णांच्या मांडीच्या पुढील स्नायूचा छेद अवघ्या १० दिवसांत सरासरी १७.७ टक्क्यांनी घटलेला त्यांना आढळला, आणि ज्यांची एकाहून अधिक इंद्रिये निकामी झाली होती, त्यांच्यात ही घट आणखी मोठी होती. आजाराचा भाग बाजूला काढला, तरी केवळ अंथरुण काय करू शकते, हे त्याआधी २००७ च्या एका अमेरिकी प्रयोगात दिसले होते. धडधाकट वृद्ध माणसांना १० दिवस पलंगावर ठेवले असता त्यांच्या पायांतील जवळजवळ एक किलो मांस कमी झाले. या प्रयोगात त्यांना वजनाच्या दर किलोमागे ०.८ ग्रॅम प्रथिने रोज मिळत होती, म्हणजे निरोगी माणसास पुरेसे मानलेले प्रमाण पाळूनही निश्चल देहाचे स्नायू त्यांना राखता आले नाहीत, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

पुढचा भाग त्याहून गंभीर. टोरांटोच्या वैद्यांनी तीव्र श्वसन-विकारातून वाचलेल्या १०९ रुग्णांचा पाठपुरावा करून २००३ मध्ये असे नोंदविले, की अतिदक्षता विभागातून बाहेर पडताना त्यांनी आपल्या वजनाचा १८ टक्के भाग गमावला होता, आणि वर्षानंतर फुप्फुसे बरीचशी सुधारली, तरी सहा मिनिटांत त्यांना चालून जाता येणारे अंतर अपेक्षेच्या दोन-तृतीयांशच राहिले. पाच वर्षांनीही ते अपेक्षेच्या ७६ टक्क्यांपर्यंतच पोहोचले. वूहानमधील कोविड-रुग्णांच्या पाहणीत सहा महिन्यांनंतर ६३ टक्के लोकांनी थकवा किंवा स्नायूंचा अशक्तपणा सांगितला. तळ्याच्या कठड्याला टेकणाऱ्या माणसाची कैफियत ही अशी सर्व जगाची कैफियत आहे.

प्रश्न मात्र कोविडहून जुना आहे. १९१८ च्या जूनमध्ये इन्फ्लुएन्झा मुंबई बंदरात उतरला आणि त्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात त्याने इलाख्यात हाहाकार उडविला, तेव्हा पावसानेही दगा दिला होता व धान्य महागले होते. तापातून जो वाचला, त्याला अंग धरण्यासाठी लागणारे अन्नच बाजारात दुर्मीळ झाले. योगायोग असा, की त्याच १९१८ साली कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील एका खोलीत रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी बेरीबेरीच्या चौकशीसाठी जी छोटी प्रयोगशाळा उघडली, तिच्यातूनच पुढे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था उभी राहिली. उपासमारीनंतरच्या पुनर्भरणाचा पद्धतशीर प्रयोग झाला तो मात्र १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा येथे. अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले आणि नंतर निरनिराळ्या आहारांनी त्यांचे अंग भरून काढण्याचा प्रयत्न केला. त्यात असे आढळले, की एकूण अन्न तोकडे असताना वरून घातलेली जीवनसत्त्वे किंवा थोडी जादा प्रथिने यांचा विशेष उपयोग होत नाही. उष्मांकांचा पुरवठा मुबलक होऊ लागला, तेव्हाच माणसे सावरू लागली. घरात धान्याची बेगमी नसता औषधाच्या दुकानातून पुडी आणणाऱ्याने हा जुना दाखला अवश्य वाचावा, कारण उष्मांक अपुरे असले म्हणजे महागडी प्रथिनेही जळणासारखी जाळली जातात.

आता क्रमाकडे येऊ. पहिला टप्पा अतिदक्षता विभागाचा. झीज होते आहे, म्हणून तेथेच भरपूर प्रथिने व उष्मांक ओतावेत, असा विचार दीर्घकाळ सर्वमान्य होता, आणि तर्काला तो पटतही होता. परंतु चाचण्यांनी तर्काचा निकाल फिरविला. २०११ मध्ये बेल्जियममधील एका मोठ्या चाचणीत शिरेवाटे लवकर पोषण दिलेल्या रुग्णांपेक्षा आठवडाभर थांबलेले रुग्ण लवकर सावरले. २०१३ मध्ये ग्लुटामिन हे अमिनो आम्ल अनेक इंद्रिये निकामी झालेल्या रुग्णांना दिले असता मृत्यू घटण्याऐवजी वाढले. २०२३ मध्ये सोळा देशांतील सुमारे तेराशे रुग्णांवर केलेल्या चाचणीत दर किलोमागे २.२ ग्रॅम किंवा अधिक प्रथिने देऊन लाभ झाला नाही, आणि मूत्रपिंड बिघडलेल्यांत अपाय दिसला. त्याच वर्षी फ्रान्समध्ये पहिला आठवडा अगदी अल्प पोषण मिळालेले रुग्ण भरपूर पोषण मिळालेल्यांपेक्षा काहीसे लवकर त्या विभागातून बाहेर पडले. आणि २०२४ मध्ये नेदरलँड्स व बेल्जियममधील चाचणीत दर किलोमागे २ ग्रॅम प्रथिने घेतलेल्यांचे पुढील सहा महिन्यांतील जीवनमान १.३ ग्रॅम घेतलेल्यांच्या मानाने हीनच ठरले. दाहाने पेटलेला देह आलेली अमिनो आम्ले स्नायूत बसवू शकत नाही. त्यांचा युरिया होतो आणि मूत्रपिंडांवर भार पडतो. म्हणून युरोपीय चिकित्सा-पोषण संस्थेने १.३ ग्रॅमचे लक्ष्य सांगताना तेथे हळूहळू, काही दिवसांत पोहोचावे, असे बजावले आहे. फार दिवस उपाशी राहिलेल्या देहात एकाएकी अन्न भरल्यास रक्तातील फॉस्फेट कोसळून हृदय व श्वसन धोक्यात येते, हा पुनर्भरण-विकारही दुसऱ्या महायुद्धातील सुटलेल्या कैद्यांनी वैद्यकाला शिकविला आहे.

दुसरा टप्पा साध्या कक्षातील, आणि येथे पारडे फिरते. स्वित्झर्लंडमधील आठ रुग्णालयांत २०८८ कुपोषणप्रवण रुग्णांपैकी निम्म्यांना प्रत्येकाच्या गरजेनुसार आहार ठरवून दिला, निम्म्यांना रुग्णालयाचा नेहमीचा शिरस्ता. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत ३० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ९.९ टक्क्यांवरून ७.२ टक्क्यांवर आले. जे अतिदक्षता विभागात निरुपयोगी, प्रसंगी हानिकारक ठरले, तेच कक्षात प्राणरक्षक ठरावे, यात विसंगती नाही. दाह ओसरल्याने देह आता अन्न घेण्यास राजी झालेला असतो.

तिसरा टप्पा घरचा, सर्वांत दीर्घ आणि सर्वांत उपेक्षित. येथील प्रमाणाविषयी तज्ज्ञांत बरेच एकमत आहे. निरोगी प्रौढ भारतीयास राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. आजारातून उठणाऱ्या, विशेषतः साठीपुढील माणसास १.२ ते १.५ ग्रॅम हवीत, आणि जोडीला दर किलोमागे सुमारे २७ ते ३० उष्मांक. म्हणजे ६० किलो वजनाच्या गृहस्थास रोज ७२ ते ९० ग्रॅम प्रथिने आणि सोळाशे ते अठराशे उष्मांक. ही प्रथिने दिवसभरात वाटली जाणे अगत्याचे आहे. कारण वृद्ध स्नायू अन्नाच्या हाकेला तरुणासारखा तत्पर ओ देत नाही, त्याला जागे करण्यास एका जेवणात २५ ते ३० ग्रॅम प्रथिने, आणि त्यांत ल्युसीन हे अमिनो आम्ल अडीच-तीन ग्रॅम असावे लागते. सकाळी चहा-बिस्किटे, दुपारी वरणभात आणि रात्री दूधभात या आपल्या रोजच्या रिवाजात असा क्षण दिवसातून एकदाही येत नाही.

येथे पथ्याचा विचार करणे प्राप्त आहे. ज्या गावात कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ मध्ये धूतपापेश्वर हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना काढला, त्या पनवेलला पथ्य हा शब्द शिकवावा लागत नाही. आयुर्वेदाने तापाच्या आरंभी लंघन सांगितले. शोधनानंतरच्या संसर्जनक्रमात आधी पेया, मग विलेपी, मग यूष, आणि शेवटी मांसरस अशा पायऱ्या घातल्या. शोष जडलेल्या रोग्यास मांसाहार सांगितला. अतिदक्षता विभागातील ताज्या चाचण्या ज्या वळणावर येऊन थांबल्या, त्या वळणाशी या पायऱ्यांचे साम्य लक्षणीय आहे, मग त्यामागील उपपत्ती निराळी का असेना. दोष शास्त्रात नसून आपल्या आचरणात आहे. आपण पहिली पायरी भक्तिभावाने धरून ठेवली आणि शिडी विसरलो. मूठभर, म्हणजे तीसएक ग्रॅम तांदळाच्या पेजेत प्रथिने दोन ग्रॅम. ती दोन-चार दिवस योग्यच, पण तीन आठवडे चालली, तर पथ्याच्या नावाने उपासमार होते. पायाच्या सुपाचीही कीर्ती त्याच्या गुणांपेक्षा मोठी आहे. त्यातील जिलेटिनात ट्रिप्टोफॅन अजिबात नसते व ल्युसीन अल्प असते, म्हणून ते रुची आणि उष्णता देते, स्नायू बांधण्याचे मुख्य काम मात्र सुपातून बाजूला काढलेल्या मांसाकडे असते.

पनवेलच्या बाजारात या कामाची सामग्री मुबलक आहे आणि ती स्वस्तही आहे. आगरी-कोळी घरांतील सुकट, सोडे आणि सुके बोंबील यांत प्रथिनांचे प्रमाण शेकडा साठाच्या आसपास भरते. २५ ग्रॅम सुकट पाण्यात धुऊन, मीठ उतरवून भाजली, तर १५ ग्रॅम प्रथिने पदरात पडतात, आणि कोविडने ज्यांची चव आणि वास हिरावून नेला, त्यांच्या जिभेलाही ती काही सांगते. दोन अंड्यांत १२ ग्रॅम, अर्ध्या लिटर दुधात १६ ग्रॅम, दिवसभरात शिजविलेल्या ६० ग्रॅम डाळीत १४ ग्रॅम, आणि भात-भाकरीच्या पाव किलो धान्यात १८ ग्रॅम. ही बेरीज सुकटीसह ७५ होते, म्हणजे आपल्या ६० किलोच्या गृहस्थाची किमान गरज एकाही पुडीवाचून भागते. शाकाहारी घरात सुकट-अंड्यांच्या जागी ५० ग्रॅम पनीर, मूठभर शेंगदाणे आणि ३० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या घातल्यास हिशेब जमतो. रायगडचे वाल आणि कुळीथ यांत बावीस-चोवीस टक्के प्रथिने आहेत. तांदळात जे लायसीन उणे, ते या कडधान्यांत अधिक, आणि कडधान्यांत जे मेथिओनीन उणे, ते तांदळात, म्हणून वालाची उसळ आणि तांदळाची भाकरी ही जोडी रसायनशास्त्रालाही मान्य व्हावी. नाचणीच्या आंबिलीची ख्याती तिच्या कॅल्शियमसाठी सार्थ आहे, १०० ग्रॅम नाचणीत ते साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असते. पण प्रथिने सातच ग्रॅम असल्याने ती एकटी पुरणार नाही.

डबाबंद पूरकांविषयीचा निकाल संमिश्र आहे. एचएमबी हा ल्युसीनपासून होणारा पदार्थ व जादा प्रथिने असलेले पेय कुपोषित वृद्ध हृदय-फुप्फुस रुग्णांना दिले असता, २०१६ च्या चाचणीत ९० दिवसांतील मृत्यू ९.७ टक्क्यांवरून ४.८ टक्क्यांवर आले, परंतु चाचणीचा जो मुख्य निकष होता, त्यात फरक पडला नाही. ड जीवनसत्त्वाचा अभाव आपल्याकडे सार्वत्रिक असल्याने तो तपासून भरून काढावा. पण अतिदक्षता विभागात मोठ्या मात्रेने ते दिल्याने मृत्यू घटतात, हे दोन मोठ्या चाचण्यांत सिद्ध झाले नाही. प्रथिनांची पुडी हे मूलतः सुकविलेले दूध किंवा सोयाबीन आहे. ज्याला घास गिळवत नाही, भूक मुळीच नाही, त्याला ती उपकारक, आणि ज्याला जेवता येते, त्याला ती अन्नाची महाग आवृत्ती. मूत्रपिंडाचा विकार असलेल्याने वरील प्रमाणे वैद्याच्या संमतीवाचून मुळीच आचरू नयेत, आणि स्टेरॉइडांनी ज्यांची शर्करा चढली आहे, त्यांनी पेज व गोड पेये यांपासून सांभाळावे.

तथापि अन्न ही अर्धीच तजवीज आहे. स्नायू आकुंचन पावतो, तेव्हा त्याच्या पेशी अमिनो आम्लांसाठी दार अधिक उघडतात. श्रमावाचून घेतलेली प्रथिने पुरती अंगी लागत नाहीत, आणि अन्नावाचून केलेला व्यायाम उरलेली शिल्लकही खर्चून टाकतो. त्यासाठी व्यायामशाळेची गरज नाही. खुर्चीवरून हातांच्या आधाराशिवाय उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून टाचा उचलणे, आणि रोज थोडे अधिक चालणे एवढे पुष्कळ. ज्यांना श्रमानंतर दुसऱ्या दिवशी उलट ग्लानी येते, अशा दीर्घ-कोविडच्या रुग्णांनी मात्र ही वाढ फार सावकाश करावी आणि थकव्याच्या आत थांबावे.

प्रगतीचे माप घरीच घेता येते. आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषांप्रमाणे पोटरीचा घेर पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंटिमीटरहून कमी असणे, किंवा खुर्चीवरून पाच वेळा उठून बसण्यास १२ सेकंद वा अधिक लागणे, ही स्नायू उणावल्याची खूण मानावी. शिंप्याची फीत आणि भिंतीवरचे घड्याळ एवढीच यासाठी लागणारी उपकरणे. आणि वजनकाट्यापेक्षा ती अधिक खरे बोलतात, कारण अंथरुणावरून उठलेल्या माणसाचे पुन्हा वाढलेले वजन बहुधा चरबीचे असते, मांसाचे नसते.

राहता राहिला कारभाराचा प्रश्न. क्षयाच्या रुग्णास आहारासाठी दरमहा रोख रक्कम देण्याचा शिरस्ता केंद्र सरकारने एप्रिल २०१८ पासून निक्षय पोषण योजनेने घातला, आधी ५०० रुपये आणि नोव्हेंबर २०२४ पासून १,०००; झारखंडात क्षयरुग्णांच्या घरी शिधा पोहोचविणाऱ्या प्रयोगाने २०२३ मध्ये दाखविले, की पहिल्या दोन महिन्यांत वजन पाच टक्के वाढलेल्या रुग्णांत मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी होता. अन्न हे औषधाइतकेच मोजून द्यावयाचे असते, हे तत्त्व एका रोगाच्या बाबतीत सरकारदरबारी मान्य झाले आहे. विषाणूच्या गंभीर आजारातून उठलेल्या, पनवेल तालुक्यातील कातकरी वाडीवरील मजुराला किंवा कळंबोलीच्या ट्रकचालकाला ते लागू होऊ नये, असे कारण वैद्यकात सापडत नाही. १८५२ पासून नगरपालिका आणि १ ऑक्टोबर २०१६ पासून महानगरपालिका चालविणाऱ्या गावाला यासाठी नवे खाते उघडावे लागणार नाही. घरी पाठविताना रुग्णाच्या कागदावर गोळ्यांच्या मात्रेखाली प्रथिनांची मात्रा, पोटरीचा घेर आणि उठाबशांचे सेकंद लिहावेत, आणि महिन्याने नागरी आरोग्य केंद्रात तेच आकडे पुन्हा घ्यावेत, एवढी तजवीज तूर्त पुरे आहे. ज्या दिवशी त्या कागदावरील दुसरा आकडा पहिल्याहून चांगला येईल, त्या दिवशी तळ्याची फेरी पुरी करून आलेल्या माणसाने काही निराळे सांगण्याची गरज उरणार नाही. अंग धरल्याची नोंद त्याच्या हातातच असेल.